ऊन पाणी

पोहण्याचा पोशाख मी आयुष्यात पहिल्यांदा घेतला तो बावन्नाव्या वर्षी, आणि तोही मोबाइलवरून. सूचौमधल्या आमच्या भाड्याच्या घराच्या दारात तो दुसऱ्याच दिवशी येऊन पडला. कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्यापर्यंत पाय, रंग गडद निळा. नवरा म्हणाला, "हे घालून तू पाणबुडी दुरुस्त करायला जाऊ शकतेस." मी लक्ष दिलं नाही. राजापूरला वाढलेल्या मुलीला पाणी काही नवीन नसतं. नवीन असतं ते चारचौघांत ओलं होऊन वर पुन्हा इकडेतिकडे हिंडणं.

"कुठेतरी नुसतं बसायला जाऊ" हे आमचं सव्वीस वर्षांचं भिजत घोंगडं. दर वर्षी कोणाची तरी परीक्षा, सासऱ्यांचं दुखणं, कोणाचं तरी लग्न. गेलो नाही असं नाही, पण जे गेलो ते बघायला गेलो. अष्टविनायक झाले, केरळ सात दिवसांत झालं, राजस्थान तर असं झालं की परत आल्यावर फोटो बघून कळलं आपण कुठे होतो. मग नवऱ्याच्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी चीनला पाठवलं, मुलगा नोकरीला बंगळूरला, मुलगी शिकायला दिल्लीला, आणि मी बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेऊन सूचौच्या अकराव्या मजल्यावर. आता कारणंच उरली नाहीत. कारणं संपली की माणूस जरा घाबरतो.

तेंगचोंगचं नाव त्याच्या कचेरीतल्या एकाने सुचवलं. पार नैर्ऋत्येला, युन्नान प्रांतात, म्यानमारच्या सीमेला लागून. चीनच्या मानाने छोटं शहर. तिथे जाऊन करायचं काय, असं नवऱ्याने विचारलं तर तो गृहस्थ एवढंच म्हणाला, "पाओ."

पाओ म्हणजे भिजत राहणं. चहाची पानं गरम पाण्यात टाकून ठेवतात तेही पाओ, आणि माणूस उन्हाळ्याच्या पाण्यात जाऊन बसतो तेही पाओ. (उन्हाळं म्हणजे गरम पाण्याचा झरा. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, ऋतूचा इथे संबंध नाही.) मला या शब्दाचं फार कौतुक वाटलं. आपण आंघोळ करतो, डुबकी मारतो, दोन तांबे ओतून घेतो, स्नान उरकतो. त्यातलं 'उरकतो' सगळ्यात खरं. भिजत आपण घालतो ते हरभरे, साबुदाणा आणि घोंगडं. माणसाला कोणी भिजत घालत नाही.

नवऱ्याने तरीही सवयीप्रमाणे यादी केली. तीन दिवस, चार रात्री, अकरा ठिकाणं, प्रत्येकापुढे वेळ. मी ती यादी बघितली आणि काही बोलले नाही. सव्वीस वर्षांत मी एक शिकले आहे, त्याच्या यादीशी भांडू नये, यादीला आपोआप म्हातारी होऊ द्यावी.

युन्नानची राजधानी कुनमिंग, तिथून विमान तासाभराचं. खाली गाओलिगोंगचे डोंगर लागले, हिरवे, दाट, सह्याद्री पावसाळ्यात दिसतो तसे, फक्त तिप्पट. शहर वसलंय ते साधारण १,६४० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर अख्खा बाजार, बसथांबा आणि रुग्णालयं मांडावीत तसं. विमानतळाचं नाव तुओफंग, उंटाचं वशिंड. दुसऱ्या महायुद्धात आसाममधल्या धावपट्ट्यांवरून उडून, हे डोंगर ओलांडत विमानं कुनमिंगला सामान पोचवत. त्या जीवघेण्या हवाई वाटेला वैमानिक 'हम्प' म्हणत, त्याचं हे चिनी रूप. पुढे आसामातल्या लेडोहून निघालेला रस्ताही १९४५च्या जानेवारीत चीनला येऊन मिळाला आणि त्याची एक शाखा याच गावातून गेली. नकाशावर बोट ठेवून बघितलं तर आमच्या सूचौच्या घरापेक्षा आसाम इथून कितीतरी जवळ. घरापासून एवढं लांब येऊन आपण घराच्या मागच्या दाराशी उभे आहोत, असं काहीतरी वाटलं.

टॅक्सीवाल्याने विचारलं, भारत का? नवऱ्याने मान डोलावली. मी मनात कोटणीसांची तयारी केली. चीनमध्ये मराठी माणसाने डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघण्याची वाट बघायची असते, सोलापूरचं नाव ऐकायला कान टवकारायचे असतात. टॅक्सीवाला तिशीतला होता. तो म्हणाला, "आमीर खान." आम्ही दोघांनी आमीर खानच्या वतीने आभार मानले.

पहिल्या दिवशी रहाय. रहाय म्हणजे गरम समुद्र. समुद्र कसला, एक दरी आहे, तिच्यातून ओढा वाहतो आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांनी जमीन वाफा सोडत असते. पायऱ्यांच्या फटीतून वाफ, झाडाच्या मुळातून वाफ, मधूनच कड्याच्या पोटातून फुसकन पाण्याची पिचकारी. तिथल्या एका खडकाला बेडकाचं तोंड म्हणतात, आणि खरंच, चिडलेला बेडूक थुंकावा तसा तो थांबून थांबून थुंकतो. दोन झरे आहेत त्यांना गर्भाच्या विहिरी म्हणतात. त्यांचं पाणी प्यायलं की दिवस राहतात असा समज. नवऱ्याने ती पाटी भाषांतराच्या ॲपवर वाचली आणि दोन पावलं मागे सरला.

सगळ्यांत वर दागुनकुओ, मोठी उकळती कढई. दगडी कठड्याच्या आत तीनेक मीटर रुंदीचं कुंड, पाण्याचं तापमान सुमारे ९७ अंश. एवढ्या उंचीवर पाणी शंभराच्या बरंच आधी उकळतं, त्यामुळे ते नुसतं गरम नसतं, रटारटा उकळत असतं. लग्नाच्या मांडवामागे भाताचं आधण ठेवतात, त्या पातेल्याचा आवाज. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि पहिला विचार आला तो असा, की याच्याखाली जाळ कोण घालतंय?

भूशास्त्राचं उत्तर आहे. तेंगचोंगच्या आसपास नव्वदहून जास्त ज्वालामुखी आहेत, सध्या शांत. पण खाली काही किलोमीटरवर तप्त शिलारस अजून आहे. पावसाचं पाणी भेगांतून खाली झिरपतं, तापतं, वर येतं. हा शिलारस तिथे आला कुठून, तर भारताचा भूखंड म्यानमारच्या बाजूने खाली शिरतोय, त्या घुसण्याचाच हा परिणाम, असं अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे शेगडी चीनची आणि फुंकर आपली. आमच्या राजापूरजवळच्या उन्हाळे गावातलं, संगमेश्वराकडच्या आरवली-तुरळचं किंवा वज्रेश्वरीचं पाणी ऊन असतं त्याला मात्र शिलारस लागत नाही. तिथे पाणी खोल भेगांतून उतरतं, पृथ्वीच्या अंगच्या उबेने तापतं आणि भेगांतूनच परत वर येतं. आपले ज्वालामुखी केव्हाच विझले, दगड मात्र मागे राहिला. तेंगचोंगच्या एका नदीकाठी काळ्या दगडाचे षटकोनी खांब एकाला एक चिकटून उभे आहेत, त्यांचं छायाचित्र बघून नवरा लगेच म्हणाला, "ही तर आपली गिल्बर्ट हिल." अंधेरीच्या इमारतींमध्ये कोंडलेली ती टेकडी त्याने लहानपणी रोज शाळेत जाताना पाहिलेली. हे खांब यादीत पाचव्या क्रमांकावर होते. तिथे आम्ही गेलोच नाही.

शू शियाके नावाचा मोठा चिनी प्रवासी १६३९ साली इथे पायी आला होता, या उकळत्या दरीचं वर्णन त्याने लिहून ठेवलंय. शिवाजी महाराज तेव्हा नऊ वर्षांचे. चिनी इतिहासातल्या कुठल्याही सनासमोर मी हे गणित करते, त्याशिवाय तो काळ मला दिसत नाही.

वाफेवर उकडलेली अंडी विकायला होती. भाताच्या पेंढ्यात एकाखाली एक ओवून, मध्ये मध्ये गाठ मारून माळ केलेली. गजऱ्यासारखी हातात धरायची. आम्ही दोन माळा घेतल्या, मीठ मागितलं, ते नव्हतं, तिखट होतं. बाकावर बसून अंडी सोलताना एकमेकांना टरफलं दिली-घेतली. तेवढ्या वेळात यादीतलं एक ठिकाण बाद झालं. नवऱ्याने घड्याळ बघितलं आणि मग, मला दिसेल अशा बेताने, बाही खाली ओढली.

संध्याकाळी पाओ. आमच्या हॉटेलची कुंडं डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी होती, झाडांमध्ये, दगडी काठांची. आधी शॉवर घ्यायचा, मनगटाला चावीचा पट्टा बांधायचा, रबरी चपला घालून वर चढायचं. प्रत्येक कुंडाशी पाटी, अडतीस, चाळीस, बेचाळीस. एका वेळी पंधरा-वीस मिनिटांवर बसू नये, भरल्या पोटी उतरू नये, मध्ये मध्ये पाणी प्यावं. नवऱ्याला नियम आवडतात. त्याने पंधराव्या मिनिटाला मला बाहेर काढलं, पाणी पाजलं, पुन्हा आत घातलं. इडल्यांचा घाणा उतरवावा तशी शिस्त.

माझ्या निळ्या पोशाखाकडे कोणीही बघितलं नाही. बावन्न वर्षं ज्याची धास्ती घेतली ते एवढ्या सहज संपलं. शेजारच्या कुंडात सत्तरीचं एक जोडपं होतं. आजींच्या चष्म्यावर वाफ धरायची, आजोबा तो त्यांच्या नाकावरून उचलायचे, काठावरच्या टॉवेलला पुसायचे आणि परत लावायचे. पुन्हा वाफ, पुन्हा पुसणं. बोलणं काही नाही. मधूनच ते थर्मासमधून चहा ओतत. थोड्या वेळाने आजींनी प्लास्टिकच्या पिशवीतला फोन आमच्यापुढे धरला. त्या काहीतरी बोलल्या आणि फोन हिंदीत म्हणाला, "आपका अनुबंध कितने साल का है?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. नवऱ्याला वाटलं त्या त्याच्या कंपनीच्या कराराबद्दल विचारताहेत, तो "दो" म्हणणार एवढ्यात आजींनी एक बोट माझ्याकडे आणि एक त्याच्याकडे केलं. मग तो म्हणाला, "छब्बीस." आजी हसल्या, त्यांनी फोनवर आकडा दाखवला, ४९. आणि पुन्हा चष्मा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी हेशुन. शहराला लागूनच असलेलं जुनं गाव. काळ्या दगडाची फरसबंदी, काळ्या दगडाची जोती, गल्ल्या सह्याद्रीतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या बोळासारख्या थंड. एका दुकानात सच्छिद्र दगड पाण्याच्या टबात तरंगत ठेवले होते. बाई एकेक बुडवून दाखवायची, तो टुणकन वर. ज्वालामुखीच्या फेसाचा दगड, टाचा घासायला. आपली वजरी. नवरा म्हणाला, "रामाचं नाव लिहून विकले असते तर दुप्पट भाव आला असता." मी तीन घेतले, बिननावाचे.

हेशुनच्या घरांमध्ये पैसा दिसतो, पण तो शेतातला नाही. इथले पुरुष पिढ्यान् पिढ्या ब्रह्मदेशात जात, रत्नांच्या आणि जेडच्या व्यापाराला, खेचरांचे तांडे घेऊन. जेड म्हणजे तो हिरवा दगड, चिनी माणसाचा सोन्याहून लाडका. कोणी वर्षांनी परत येई, कोणी येतच नसे. तिकडे कमावलेल्या पैशांतून गावात देवळं, घरं आणि १९२८ साली एक ग्रंथालय उभं राहिलं, चीनमधल्या नावाजलेल्या खेड्यातल्या ग्रंथालयांपैकी एक. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, बरोबर शंभर वर्षं आधीचं. हे मी नवऱ्याला दोनदा सांगितलं. तो अंधेरीचा असल्यामुळे त्याला त्याचं काही वाटलं नाही.

पण माझा पाय अडला तो ग्रंथालयात नाही, खाली नदीवर. काठाने थोड्या थोड्या अंतरावर पाण्यावर आलेले मंडप आहेत, लाकडी खांब, वर कौलं, खाली पाण्याच्या पातळीला कपडे आपटायला दगड. धुण्याचे मंडप. परदेशी गेलेल्या पुरुषांनी पैसे पाठवून ते बांधले. कशासाठी, तर मागे राहिलेल्या बायकांना धुणं धुताना ऊन लागू नये, पावसाने भिजावं लागू नये. याच गावाबद्दल एक जुनं म्हणणंही आहे, की हेशुनला मुलगी देऊ नये, नवरी होते न होते तोच विधवा होते.

येणारी जोडपी तिथे उभं राहून फोटो काढत होती. किती प्रेमळ नवरे, असा सगळ्यांचा सूर. मला तो मंडप बघून आधी गलबललं आणि लगेच मागून चीड आली. बायको उन्हात धुणं धुतेय याची आठवण तिकडे मंडालेत बसून येते, चांगली गोष्ट आहे. पण त्यावर सुचतं काय, तर धुण्यावर छप्पर. धुणं तिथेच, ती तिथेच, पाणी तिथेच.

माझ्या आजीचा नवरा, म्हणजे आजोबा, गिरगावात चाकरी करायचे. वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला यायचे. बाकी वर्षभर त्यांच्याऐवजी मनीऑर्डर यायची. आजी पहाटे उठून चुलाण्यावर पाण्याचा हंडा चढवायची. दिरांचं पाणी, मुलांचं पाणी, पाहुण्यांचं पाणी. तिच्या स्वतःच्या वाट्याला हंड्याच्या तळाचं, तेव्हापर्यंत निवलेलं. ती कधी तक्रार करताना मी ऐकली नाही, पण राजापूरची गंगा, म्हणजे अधूनमधून आपोआप प्रकटणारा तो झरा, आली की ती मला हाताला धरून निघायची. गंगेला पुण्य मिळतं म्हणून लोक जात. आजी जायची ती वाटेवरच्या उन्हाळे गावासाठी, असा मला आता दाट संशय आहे. तिथल्या ऊन पाण्याच्या धारेखाली ती नऊवारीसकट बसायची आणि उठायची नाही. मी हाका मारायची, इतर बायका कुरकुरायच्या. ती डोळे मिटून बसलेली. "ऊन पाणी, बाय," एवढंच म्हणायची. "आयतं."

हे सगळं मी मंडपात उभी राहून नवऱ्याला सांगितलं नाही. म्हटलं, भूक लागली.

गावातल्या एका खानावळीत सकाळचा शी-दौ-फन अजून शिल्लक होता. वाटाण्याच्या पिठाचा घट्ट पिवळा रस्सा, वर आल्याचं पाणी, लाल तिखटाचं तेल, कोथिंबीर. नवऱ्याने पहिला चमचा घेतला आणि चमचा खाली ठेवला. "हे पिठलं आहे." मी म्हटलं, वाटाण्याचं आहे. "तरी पिठलंच आहे," म्हणत त्याने दुसरी वाटी मागवली. दुसरं मागवलं ते दा-च्यू-च्या, तांदूळ वाफवून कुटून केलेल्या वड्यांचे पातळ काप, अंडं आणि भाज्यांबरोबर परतलेले. नावाचा अर्थ 'बादशहाला वाचवणारं'. १६५९ साली मिंग घराण्याचा शेवटचा वारस योंगली ब्रह्मदेशाकडे पळत असताना उपाशी इथे पोचला, तेव्हा एका शेतकऱ्याने त्याला हे करून घातलं, अशी गोष्ट सांगतात. बादशहा पुढे काही वाचला नाही, ब्रह्मदेशातून धरून आणून त्याला १६६२मध्ये कुनमिंगला मारलं. पदार्थ वाचला. खायला आपल्या उकडीच्या जवळचा, दाताला जरा चिवट.

दुपारी नवरा एकटाच सैनिकांच्या स्मारकाला गेला. १९४४मध्ये जपान्यांकडून हे शहर परत घेताना घराघरात लढाई झाली, १४ सप्टेंबरला शहर सुटलं तेव्हा उभी इमारत उरली नव्हती. टेकडीवर तीन हजारांहून जास्त छोटे दगड रांगेत उभे आहेत, एकेका नावाचे. तो परत आला तेव्हा गप्प होता. यादी त्याने खिशातून काढली नाही.

त्या संध्याकाळी चाळीस अंशांच्या कुंडात आम्ही दोघंच होतो. पाऊस बारीक भुरभुरत होता, चेहऱ्यावर गार, मानेखाली ऊन. समोर बघायला काही नाही, अंधार आणि वाफ. टीव्ही नाही, फोन कपाटात, मुलं आपापल्या गावी. आमच्या दोघांमध्ये कायम काहीतरी तिसरं असायचं, तेच तिथे नव्हतं. आणि मला एकदम मंडप आठवला, हंडा आठवला, आणि तोंडातून गेलं, "तुला माहीत आहे का, आपल्या घरी सव्वीस वर्षांत मी एकदाही कडकडीत पाण्याने आंघोळ केलेली नाही."

कोथरूडच्या आमच्या बाथरूममधला गीझर पंधरा लिटरचा. साडेपाचला सासरे, मग हा, मग मुलगी, मग मुलगा, शेवटी डबे भरून झाले की मी. तोवर नळाला यायचं ते कोमट.

तो म्हणाला, "गीझर दहा मिनिटांत परत तापतो की."

"ती दहा मिनिटं कुठून आणायची? बँकेत कोणी उधार देत नव्हतं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं संपलं. मग म्हणाला, "पण मी तर अर्धी बादलीच घ्यायचो."

"म्हणजे?"

"अर्धी बादली गरम, बाकी गार. लग्न झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आईने मला मोरीत बोलावून सांगितलं होतं, ती शेवटी जाईल, पाणी ठेवत जा. तेव्हापासून."

"सव्वीस वर्षं?"

"थंडीत जरा जास्त घ्यायचो," त्याने कबूल केलं.

खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. इतकी वर्षं जपलेली तक्रार अशी हातातून निसटली की रिकामं रिकामं वाटतं. सासूबाई जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांनी हे मला कधी सांगितलं नाही, त्याने नाही, आणि मीही माझं त्याला नाही. सगळ्यांनी आपापले मंडप बांधून ठेवले होते आणि मी भिजत होते ती होतेच. मग डोक्यात हिशेब सुरू झाला, बँकेची सवय. सासऱ्यांना दोन तांबे पुरायचे, मुलगी केस धुवायची ते फक्त रविवारी.

"मग पाणी जायचं कुठे?" मी विचारलं.

आम्ही एकदमच एकमेकांकडे वळलो. दार आतून लावून, गाणी म्हणत, वीस-वीस मिनिटं शॉवर सोडून उभा राहणारा आमचा चिरंजीव.

खोलीवर गेल्याबरोबर त्याला बंगळूरला फोन लावला. तो अजून कचेरीत होता. आईबाप चीनमधून रात्री फोन करतात म्हणजे कोणीतरी पडलं, असं वाटून घाबरला. मी आरोपपत्र वाचलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "पण बाबांना गार पाणीच आवडतं ना? मला तर वाटायचं तू मुद्दाम शेवटी जातेस, निवांत." मग थोडं थांबून, "इथे माझा रूममेट सगळं पाणी संपवतो."

"छान," त्याचे बाबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी आम्ही काही केलं नाही. हे लिहायला सोपं आहे, करायला अवघड गेलं. जवळच्या एका गावात हजारो गिंको झाडं आहेत, नोव्हेंबरात सगळं गाव पिवळंधमक होतं, त्यासाठीच लोक लांबून येतात, आणि ते यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. न्याहारीच्या वेळी नवऱ्याने दोनदा त्याचा विषय काढला आणि दोनदा स्वतःच मिटवला. मग आम्ही चहा घेतला. मग परत खोलीवर येऊन झोपलो. दुपारी दीड वाजता झोपेतून उठून त्याने विचारलं, "आता काय करायचं?" आणि मी उत्तर द्यायच्या आत परत झोपला. संध्याकाळी कुंडात ते आजी-आजोबा पुन्हा भेटले. आजींनी सूर्यफुलाच्या बिया दिल्या, आम्ही अंड्यांच्या माळेतली उरलेली दोन अंडी. फोन कोणी काढला नाही.

निघायच्या दिवशी मला लवकर जाग आली. अख्ख्या चीनचं घड्याळ एकच, बीजिंगचं. इतक्या पश्चिमेला त्यामुळे नोव्हेंबरात सकाळचे सात वाजले तरी नीट उजाडलेलं नसतं. आमच्या खोलीच्या गच्चीत एक छोटं दगडी टाकं होतं, झऱ्याचं पाणी थेट नळाने त्यात यायचं. तीन दिवस आम्ही खालच्या कुंडांवर गेलो, हे तसंच कोरडं राहिलं होतं. मी नळ सोडला. पाणी गढूळसर, गंधकाच्या वासाचं, वाफा सोडत दगडावर पडायला लागलं. भरायला पाऊण तास लागेल, असं पाटीवर चित्र काढून सांगितलेलं.

मी काठावर बसून पाय आत सोडले. घोट्यापर्यंत आलं, पोटऱ्यांपर्यंत आलं. बोटं लाल झाली. आवाजाने तो उठून बाहेर आला, अंगावर पांघरूण घेऊनच, आणि माझ्या शेजारी बसला. त्याने बोट बुडवून बघितलं आणि पटकन मागे घेतलं. निळ्या तोटीकडे हात नेला.

"गार सोडू थोडं?"

"नको," मी म्हटलं. "असू दे."

त्याने हात मागे घेतला आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडायला लागला.